गाडी आमच्या दारात, फोन माळवस्तीला

भावजी, तुम्ही गेल्यापासून मी एक नवी तऱ्हा बघतेय. माणसं भेटायला येतात, ओसरीवर टेकतात, तुमच्या नावानं दोन टिपं गाळतात, चहाची बशी खाली ठेवतात आणि मग हळूच अंगणाकडं बघत विचारतात, "मावशी, मग गाडीचं काय ठरलं?" पहिल्या दिवशी मला असा राग आला की मी एकाला म्हटलं, "गाडी बी गेली सुभेदारांच्या संगं. वर रस्ते खराब हायेत म्हणं." त्या बिचाऱ्याला हसावं की रडावं कळेना; त्यानं खाली ठेवलेली रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावली.

तुमचं जाणं मात्र तुमच्या शिस्तीला शोभलं नाही. कुणाला निघायची संधीच दिली नाहीत. अर्धा चहा कपात राहिला, खुर्चीतच मान कलली, आणि दारात तयार उभी असलेली गाडी तशीच उभी राहिली. उभ्या जन्मात दुसऱ्यांना वेळेवर नेलंत आणि स्वतःच्या वेळी वेळच ठेवला नाहीत. ह्यावरून मी तुमच्याशी पुष्कळ भांडणार आहे. पण आधीचं एक भांडण अजून निकाली निघायचंय, ते आधी.

तुम्हाला ठाऊक असलेलंच पुन्हा मांडते. भांडण करायचं तर पहिल्यापासून करावं. आपल्या पाटाच्या वस्तीवर, माझ्या अंगणात, तुमची ती ठिगळाच्या ताडपत्रीची जीप. आणि त्या जीपला बोलवायचा फोन कुठं, तर पलीकडं माळवस्तीला, अलकाच्या पिठाच्या गिरणीत. आपली वस्ती, माळवस्ती, नदीकडची बेटवस्ती, आणि ऊस तुटायला लागला की पाथर्डीकडून आलेल्या तोडणीवाल्यांचा तळ, ह्यातलं कुणीही विहिरीत पडलं, कुणाच्या फडाला आग लागली, कुठं बिबट्या दिसला, कुणी बाई अडली, की अलकाला फोन करायचा. अलका ठरवणार गाडी कुठं जायची. तिनं तुम्हाला सांगायचं, तुम्ही निघायचं. आपल्या घरात काही झालं तरीसुद्धा तोच रस्ता. माझ्या दारातली गाडी, आणि ती मागायला मी फोन करायचा माळवस्तीला. त्यात अलका कुणाची सून? बांधावरून ज्यांच्याशी आपला दावा चाललाय त्या किसनरावांची.

असली उफराटी रीत नगर जिल्ह्यात दुसरीकडं कुठं नसेल.

तुम्ही गेलात त्या दिवशी अलका आली. पदराआडून तो बटणाचा जुना फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "काकू, सुभेदारांनी दिल्ता. आता तुमच्या हवाली." एवढंच बोलली आणि बायकांत जाऊन बसली. मग झालं असं की गाडीही माझ्या घरात आणि फोनही माझ्या घरात. आपल्या सुभाषनं लगेच बोलून घेतलं, "आई, आता हितंच राहू दे दोन्ही. काकांच्या माघारी घरची वस्तू घरात." ते बेटवस्तीपर्यंत पोचायला कितीसा वेळ? तिकडून निरोप, "फोन सुभाषच्या खिशात राहणार आसंल तर आमाला धरू नका. आमी आमची गाडी बघतो." माळवस्तीनं निरोपही पाठवला नाही. म्हणजे जास्तच राग.

तेराव्याच्या जेवणानंतर बसून ठरवायचं असं झालं. एकत्र राहतं की तुटतं, एवढाच प्रश्न होता. आणि तोडायचं की ठेवायचं ते सगळे माझ्या तोंडाकडं बघून ठरवणार होते. माझ्या म्हणजे कुणाच्या? तर हीच रीत मोडा म्हणून जिनं तुमचं डोकं खाल्लं, तिच्या.

मला ही रीत कधीच पटली नाही. पण ती तुम्ही आणलीत कुठून ह्याचं मात्र मला फार कुतूहल. म्हणून मागं जाते.

तुम्ही निळी टोपी घालून आफ्रिकेत गेलात तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडं होते, सातवी पास होते आणि मला सगळं कळत होतं. जे जे कळत होतं ते मी हापशावर बायकांना सांगून टाकलं. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून एक फौज केलीय, तिच्यात प्रत्येकानं आपला एकेक देखणा जवान द्यायचा, आणि आपल्या देशानं आमचे भावजी दिलेत. शांता, तुमची बायको, शेजारीच कळशी धरून उभी. देखणा ह्या शब्दाला तिला असं हसू फुटलं की कळशी सुटली. मी वर तिलाच दटावलं. गावभर करून टाकलं की भावजी लढाईवरून येताना सिंहाचं कातडं आणणार आहेत.

तुम्ही आलात ते चॉकलेटं आणि एक ट्रान्झिस्टर घेऊन. मी विचारलं, "तिथं केलंत तरी काय?"

"वाट बघितली."

"कुणाची?"

"वायरलेस वाजायची."

मी कपाळावर हात मारला. "आवं, वाट बघायला सरकारनं इमानात बसवून नेलं? वाट तर आमी हितं बसून रोज बघतो. पाण्याची, लायटीची, तुमच्या भावाची."

तुम्ही हसलात. रागावला नाहीत. ह्याचाही मला तेव्हा राग आला. सातवी पास बाईच्या टोमण्याला माणसानं थोडं तरी लागून घ्यावं.

मग तुमच्या त्या खोडी. दर वेळी अंघोळीला जाताना स्वयंपाकघराच्या दारात येऊन सांगायचात, "वहिनी, अंघोळीला चाललो." मला वाटायचं, आता ह्या बाबाला गरम पाणी पाहिजे, पण लाजतोय. मी हातातलं टाकून चुलीवर हंडा चढवायचे. किती दिवस! तुम्ही बापडे गार पाण्यानं आंघोळ करून बाहेर, आणि मी कढत हंडा घेऊन दारात. शेवटी एकदा शांताच म्हणाली, "जाऊबाई, ते पाणी न्हाई मागत. ते सांगतात नुसतं." तुमच्या तुकडीत एक जण अंघोळीला गेला की दुसऱ्यानं जायचं नाही, कुणालाही न सांगता कुठं हलायचं नाही, बूट काढले तरी पायांजवळ ठेवायचे, आणि जेवण असं जेवायचं की उठायला लागलं तर तोंडात घास नको. त्याला तुम्ही क्यूआरटी म्हणायचात. तातडीची तुकडी. मी हसून हसून मेले. म्हटलं, घरात सासू असलेली प्रत्येक सून क्यूआरटीच असते, तिला कुणी टोपी दिली का?

पण कुतूहल लागलं ते लागलंच. एके दिवशी जेवताना मी खोदून विचारलं, आणि तुम्ही ताटात युद्ध मांडलंत. कांद्याची फोड ही एका देशाची चौकी. मिरची दुसऱ्या देशाची. वांग्याचं देठ म्हणजे सगळ्यांचं मिळून मुख्य ठाणं. ठेच्याचा गोळा हा डोंगर.

"हे बघा, कांद्यानं आपली जागा सोडायची न्हाई. मिरचीनं बी न्हाई. त्यांनी जागा सोडली तर मागची गावं उघडी पडतात. मग कांद्यावर कोन आलं तर मदतीला जायचं कुणी?"

"मिरचीनं."

"ती हलली तर तिची जागा?"

"मग तुमी."

"आमी. आमाला जागा न्हाई. सगळ्यांच्या जागा त्या आमच्या."

मला ते फार आवडलं, पण तसं म्हणायला मी थोडीच तयार होते? मी विचारलं, "मग तुमाला हुकूम कोन देतं? आपला सायब?"

इथं तुम्ही जे सांगितलंत त्यानं मी भाकरी खाली ठेवली. हुकूम देणारा आपला नव्हताच. तिसऱ्याच देशाचा कर्नल. आपली तुकडी, आपल्या गाड्या, आपली माणसं, आणि त्यांना कुठं पाठवायचं ते ठरवणार ज्याला 'पाणी दे' हेही आपल्या भाषेत म्हणता येत नाही तो. आणि बाकीच्या देशांच्या तर अटीच अटी. कुणी म्हणायचं आम्ही अंधार पडल्यावर निघणार नाही. कुणी म्हणायचं नदी ओलांडणार नाही. कुणी म्हणायचं थांबा, आधी आमच्या राजधानीला विचारतो. सगळे एकाच टोपीखाली, सगळे एकमेकांशी गोड, आणि कामाच्या वेळी प्रत्येकाची वेगळी अडचण.

मी म्हटलं, "भावजी, ही फौज कसली? ही तर आपली भावकी हाय."

तुम्हाला ठसका लागला. शांतानं पाठीवर थापट्या मारल्या. ठसका थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "वहिनी, आमच्या सायबानं तासभर पोरांना शिकवलं ते तुमी एका घासात सांगितलं. ज्याच्या अटी सगळ्यात कमी, त्याची तुकडी राखीव ठेवायची. एवढंच तर हाय."

त्या एका कौतुकावर मी पुढं बरीच वर्षं फुगून होते. हापशावर सांगितलं, लष्कराचे डावपेच मला विचारून ठरतात.

पण त्याच ताटात मी आणखी एक प्रश्न विचारला होता. कांद्याची फोड आणि मिरची दोन्हीवर बोट ठेवून. "आन दोघांनी एकाच वेळी हाक मारली तर?"

तुम्ही वांग्याचं देठ उचलून खाऊन टाकलंत आणि हात धुवायला उठलात. मुख्य ठाणंच खाल्लंत. मी समजले, इथं काहीतरी आहे.

ते काय होतं ते मला शांतानं सांगितलं, तेही कितीतरी उशिरा, तिच्या आजारपणात. हाक खरोखरच दोघांनी मारली होती. नदीच्या वळणावर एका लहानशा देशाची चौकी, मूठभर माणसं, चहूकडून घेरलेली. आणि सडकेवर आपल्याच पलटणीची चौकी, तिथं तुमचा जिवाचा दोस्त, पाथर्डीचा मारुती. त्या परक्या कर्नलनं सांगितलं, नदीवर जा. तुमच्या गाड्या निघाल्या. वाटेत फाटा होता. डावीकडं वळलं की आपली माणसं. तुमच्या गाड्या सरळ गेल्या. नदीवरची माणसं वाचली. मारुती वाचला, पण त्याचा डावा हात कोपरातून वाकडा राहिला तो कायमचा.

मी शांताला विचारलं, "वळले का न्हाईत?" ती म्हणाली, "मी बी इचारलं हुतं. म्हनले, नदीवाले कमी हुते. बस, येवढंच."

आता सांगते. तेव्हा मला तुम्ही पटला नाहीत. आपला माणूस आपला. त्याला सोडून परक्याकडं जाणारी तुकडी मला नको, मग तिला कुणी कितीही टोप्या घालोत.

आणि पेन्शनीत आल्यावर तुम्ही तीच रीत माझ्या अंगणात आणून उभी केलीत! म्हणालात, गाडी ज्याच्या दारात त्याच्या हातात फोन नको. नाहीतर गाडी तीन वस्त्यांची राहत नाही, एका घराची होते. आणि बाकीच्या वस्त्या हाक मारायच्या आधी दहादा विचार करतात.

वर तुम्ही घरोघर चहाला हिंडायला लागलात. बेटवस्तीला जा, तळावर पाचटाच्या कोप्यांतून जा, माळवस्तीला किसनरावांच्या ओट्यावरसुद्धा. शांता गेलेली. माझ्या मनात आलं, हा बाबा दुसरी बघतोय. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण अक्कल अजून हापशावरचीच. दोन-तीन ठिकाणी चौकशीसुद्धा केली, कुणाच्या घरी भावजी जास्त वेळ बसतात म्हणून. तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही मला शांतपणे समजावलंत, की तिकडं आफ्रिकेत रिकाम्या वेळी तुम्ही प्रत्येक देशाच्या चौकीवर जाऊन चहा प्यायचात. रस्ता पाहून घ्यायचा, तोंडओळख करायची. ओळख नसेल तर घाबरलेला माणूस मदतीला आलेल्यावरच गोळी झाडतो. आणि इकडं, ओळख नसेल तर तळावरची बाई परक्या पुरुषाच्या गाडीत बसत नाही. मी म्हटलं, "व्हय व्हय, पटलं." मनात म्हटलं, तरी लक्ष ठेवायला हवं.

मग तो दिवस आला. तुमच्या दादांना उसात पान लागलं. आपल्यात सापाचं नाव घेत नाहीत. मी धावत आले, तुम्ही गाडीजवळच उभे, चावी हातात. मी ओरडले, "भावजी, चला!" तुम्ही म्हणालात, "वहिनी, अलकाला फोन करा." मी शिव्या देत फोन केला. अलका म्हणाली, "काकू, तळावर एक बाई अडलीय, लई रगत जातंय. तिकडून आत्ताच फोन आलाय. गाडी तिकडं जाऊ द्या. दादांसाठी मी दुधाचा टेम्पो वळवते, तो पाटावरच हाय." आणि तुमचा फोन वाजला, आणि तुम्ही गाडीत बसलात. माझ्याकडं बघितलंत. दादांकडं बघितलंत. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या अंगणातली गाडी तळाकडं गेली.

टेम्पो आला. नेवाशाला पोचलो. दादा वाचले. पायाची बोटं तेवढी बधिर राहिली. तिकडं ती बाईही वाचली, मुलगी झाली. पुढं फाल्गुनात तळ उठला, ती माणसं आपल्या गावी गेली. मी मात्र त्या दिवसापासून संक्रांतीपर्यंत तुमच्याशी बोलले नाही. ताट वाढायचे, पण आदळून. तुम्ही गपगुमान जेवायचात, पहिल्यासारखेच झपाझप. तिळगूळ घ्यायला आलात तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या भावाला सोडून गेलात." तुम्ही म्हणालात, "वहिनी, मला दिसत न्हवतं असं समजू नका." एवढंच. तिळगूळ तोंडात टाकलात आणि गेलात.

ह्याच्या पुढं आपलं भांडण कधी गेलंच नाही. दर थोड्या दिवसांनी मी ते उकरायचे, तुम्ही तिथंच थांबायचात. एखाद्याशी इतकी वर्षं एकच भांडण भांडता येतं ही पण माया असते का, हे मला तुम्ही असताना विचारायचं होतं. राहिलं.

तेराव्याला मारुतीभाऊ आले. एस.टी.नं, पाथर्डीहून, धोतर सावरत, वाकड्या हातात पिशवी अडकवून. दरवर्षी तुम्हीच त्यांच्याकडं जायचात, त्यामुळं मी त्यांना नीट असं पहिल्यांदाच बघत होते. जेवणं झाली. ते ओसरीच्या कडेला बसले होते. मी सुपारी घेऊन गेले. मला राहवेना.

"मारुतीभाऊ, येक विचारू? राग मानू नका."

"इचारा की, वैनी."

"तवा गाड्या फाट्यावरून सरळ गेल्या, त्या तुमाला दिसल्या का?"

"दिसल्या ना. वरच्या मचानावर म्याच व्हतो. धुराळा सुदिक वळखला. म्हनलं आली आपली मान्सं. आन धुराळा गेला की सरळ."

"मग?"

"मंग म्या त्याला अशा शिव्या घातल्या, की आज तेराव्याला सांगायची सोय न्हाई."

"सांगा की. गेलेल्या माणसाला काय लागतंय!"

ते हसले. हसता हसता डोळे पुसले. म्हणाले, "पन पुढचं सांगितलं का त्यानं?"

"पुढचं काय?"

"आमच्याकडं मंग कोन आलं ते."

भावजी, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी समजून चालले होते की कुणीच गेलं नाही, मारुतीभाऊ नशिबानं वाचले. माझ्या सातवीचा एवढाच आवाका.

मारुतीभाऊ सांगायला लागले. तुमची तुकडी नदीकडं गेली, आणि त्या कर्नलनं डोंगरापलीकडची दुसऱ्याच एका देशाची राखीव तुकडी सडकेवर सोडली. "त्यांच्या बी वाटंत त्यांची सोताची चौकी व्हती, वैनी. तिथं बी गोळीबार चालू. ते बी थांबले न्हाईत. सरळ आमच्याकडं आले. मला ज्यानं उचलला ना, चांगला दांडगा गडी, तो गाडीत सारखा माझ्याशी बोलत व्हता. काय बोलत व्हता देव जाने. मला धीर देत असंल, न्हाईतर जड हाय म्हनून शिव्या देत असंल. त्याचं तोंड आजून डोळ्यापुढं हाय, नाव ठावं न्हाई."

मी तिथंच खाली बसले. "हे आमच्या भावजींना ठाऊक होतं?"

"त्यालाच तर पयलं सांगितलं. दवाखान्यात."

"मग मला का न्हाई सांगितलं? आवं, जलमभर भांडले मी त्यांच्याशी! हे सांगितलं असतं तर येका वाक्यात गप बसले असते."

मारुतीभाऊंनी सुपारी गालात सरकवली. "म्या इचारलं व्हतं त्याला, घरी सांगितलं का म्हून. तो म्हनला, न्हाई. वहिनीला सांगितलं तर त्या म्हनतील, बरोबर हाय, तुमी त्यांच्याकडं गेले, ते तुमच्याकडं आले, फिटलं. म्हनला, तसं न्हवतं ते. ते आले नसते तरी मी सरळच गेलो असतो. मंग सांगून काय उपेग?"

ओळखलंत मला. अगदी हेच म्हणाले असते मी, "फिटलं." आणि हापशावर सांगितलं असतं.

म्हणजे भांडण जिंकायचं पान हातात धरून तुम्ही इतकी वर्षं हरत बसलात. का हो? भावजी, माझं कुतूहल आता वेगळ्याच जागी जाऊन बसलंय. ते आले नसते आणि मारुतीभाऊ तिथंच राहिले असते, तर तुम्ही मला काय सांगितलं असतं? पान लागलं त्या दिवशी दादा गेले असते, तर तिळगूळ मागायला आला असतात का? मला वाटतं आला असतात. मी दार उघडलं असतं का, ते मात्र मला माहीत नाही. ते दार कायमचं बंद होईल हे धरूनच तुम्ही गाडीत बसला होतात. ही गोष्ट मला कालपरवा कळली, आणि सांगायला तुम्ही नाहीत.

मग माणसं बसली. बेटवस्तीचे, माळवस्तीचे, तळाचा मुकादमही आला होता. किसनराव खांबाला टेकून, आपल्याकडं पाठ करून, पण आले. अलका दाराआड. सुभाषनं सुरुवात केली. "गाडी आमची हाय. फोन बी आमच्याकडं राहील. कुणाला नड लागली तर आमी काय न्हाई म्हननार का?"

बेटवस्तीचा एक जण म्हणाला, "न्हाई म्हननार न्हाई रं. पन आधी तुमच्या घरचं बघून मग आमचं बघशील."

"मग त्यात काय वाईट हाय?" सुभाष चिडला. "अलकावैनीनं बाबांच्या टायमाला गाडी तळावर धाडली. बाबा मेले असते त्या दिवशी."

इतका वेळ तुमचे दादा कोपऱ्यात बधिर बोटं चोळत बसले होते. त्यांनी मान वर केली. "आरं, हितं बसलोय की मी जित्ता! माझ्या नावानं कशाला भांडतोस?"

सगळे हसले. किसनरावांची पाठसुद्धा हलली. सुभाष माझ्याकडं बघायला लागला. सगळेच बघायला लागले. तुम्ही मला आता पटलात असं समजू नका, भावजी. एवढंच झालं की डोंगरापलीकडून आलेला तो दांडगा गडी डोळ्यापुढून हलेना, ज्यानं आपल्या माणसांचा फाटा टाकून आमच्या माणसाला उचललं. त्याच्या घरी पण एखादी वहिनी असेलच की. तिनं पण त्याचं ताट आदळलं असेल.

मी कनवटीचा फोन काढला. "गाडी हितं राहील. चालवील सुभाष. अलका, हे घे."

सुभाष म्हणाला, "आई!" मी म्हटलं, "तू हाक आली की निघायचं. कुठं, ते ती सांगंल."

अलका पुढं झाली, पण हात पुढं करेना. "काकू, उद्या पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा तसंच करीन."

"कर. मी पुन्हा शिव्या देईन."

तिनं फोन घेतला. बेटवस्तीवाले उठले, पाया पडले, गेले. किसनराव जाताना आपल्या दादांकडं बघून "बरं हाय" म्हणाले. बांधाचं काही बोलले नाहीत. एका दिवसात किती मागायचं माणसानं!

पण मला धाकधूक लागून राहिली. लोकांसमोर फोन घेणं वेगळं. आता तुम्ही नाहीत, मी वयानं मोठी, गाडी माझ्या दारात, आणि पोरगी भिडस्त. ती माझ्या शब्दाला नाही म्हणू शकली नाही, तर सगळं असूनही काही राहिलं नाही. म्हणून आज सकाळी मी तिला फोन लावला. मागं गिरणीची घरघर.

"अलका, गाडी धाड गं. नेवाशाला देवळात जायचंय. गुडघे लई दुखायलेत."

गिरणी बंद केल्याचा आवाज आला.

"काकू, कुणाला काय झालंय?"

"मला. म्हातारपण झालंय."

"मग एस.टी.नं जावा. आज उसाला आग लागायचं ऊन हाय. गाडी न्हाई मिळायची." आणि फोन ठेवला. मोठ्या माणसाला बाय म्हणायची रीतसुद्धा पाळली नाही.

सुभाष अंगणात गाडीची काच पुसत होता. "काय म्हनली?"

"न्हाई म्हनली."

तो माझ्याकडं बघतच राहिला, कारण तुम्ही गेल्यापासून मला एवढं हसताना त्यानं बघितलं नव्हतं. मी पिशवी घेतली, गाडीला वळसा घातला आणि गुडघे धरत थांब्याकडं निघाले.